खिशातला कांदा आणि नऊ होल

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी साळा दारात उभा. "भाऊजी, चला, गोल्फ खेळून येऊ."

मला वाटलं, मोबाइलवरचा. तर त्याच्या गाडीच्या डिक्कीत कोण्या साहेबाने रिटायर होताना वाटून टाकलेल्या सात काठ्या. काठ्या म्हणायचं नाही, क्लब म्हणायचं, हे त्याने लगेच बजावलं. बायकोने आतून येऊन माझ्या पँटच्या खिशात एक कांदा टाकला. नागपुरात ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, आणि का ठेवतात ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. कांदा बऱ्यापैकी मोठा होता.

मैदान कामठीच्या बाजूला. आमच्या ओळखीची माणसं तिकडं एखाद्या लग्नापुरती जातात आणि जेवण झालं की परततात. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात मैदानाचा काही दोष नाही. कामठीला इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना. एकंदरीत साहेब जिथं तंबू ठोके तिथं आधी दारूचं कपाट आणि मग भोक खणायची सोय बघत असावा. हे मैदान त्याच वळणाचं, जुनं. पण आता शंभर-दोनशे रुपये टेबलावर ठेवणाऱ्या कोणालाही खुलं. टेबलही इंग्रजांच्याच काळातलं वाटलं, एका पायाखाली विटेचा तुकडा होता.

वाटेत तर्री पोहे खायला थांबलो, त्यात दीड तास गेला. पोहोचलो तेव्हा साडेआठ. उन्हाने हजेरी लावून झाली होती.

कॅडी म्हणून एक म्हातारा भेटला. डोक्याला गमछा, पायात टायरच्या चपला. त्याचा बापही इथंच गोऱ्या साहेबाची पिशवी उचलायचा म्हणे. माझ्याकडे वरून खाली पाहून तो म्हणाला, "साहेब, पहिल्यांदाच होय?"

मी म्हटलं, "कसं ओळखलं?"

"काठी उलटी पकडून राह्यले तुमी."

पहिला फटका. झिरो माईलचा दगड आमच्या गावात आहे हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. चेंडू होता तिथंच. क्लबने मात्र मूठभर माती उडवली आणि ती थेट साळ्याच्या पोह्याने भरलेल्या पोटावर. दुसऱ्या फटक्याला चेंडू गेला, आडवा. तिसऱ्याला गेला, पुन्हा आडवा, पण दुसऱ्या बाजूला. म्हाताऱ्याने माझे दोन्ही पाय हाताने धरून सरकवले, जसे आपण पलंगाचे पाय सरकवतो, आणि म्हणाला, "आता मारा. अन् डोकं वर करू नका, चेंडू काही पळून नाही जाऊन राह्यला."

तेव्हा चेंडू खरंच उडाला. उंच, सुंदर, सरळ. जन्मात एवढं समाधान मला इन्क्रिमेंटनेही दिलं नव्हतं. तो सरळ गेला तिथं वस्तीतली पोट्टी टेनिस बॉलने क्रिकेट खेळत होती. म्हाताऱ्याने शिरा ताणून ओरडून सांगितलं, "फोर!" गोल्फमध्ये या आरोळीचा अर्थ डोकं सांभाळा. पोट्ट्यांनी मात्र एक हात हवेत फिरवून चौका दिला. चेंडू त्यांच्या विकेटकीपरच्या बाजूने घरंगळत गेला, आणि मग तो टप्पा खाऊन गेला की थेट यावर त्यांच्यातच जुंपली. माझा चेंडू परत मिळाला, पण तो आउट आहे असं सांगून.

चौथ्या होलवर म्हशी. साळ्याने मोबाइलवर नियम काढला: थांबलेला चेंडू जनावराने हलवला तर दंड नाही, मूळ जागी परत ठेवायचा. नियम करणाऱ्याने म्हैस बघितलेली नसावी. एक म्हैस माझ्या चेंडूवरच बसली. मूळ जागा तिच्या पोटाखाली. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळत. इथं चेंडू हरवलेलाही नव्हता. आम्ही दहा मिनिटं म्हशीसमोर उभे राहिलो. तिने दोनदा शेपूट मारली, तीही आमच्यासाठी नव्हती.

"पुढं चला साहेब," म्हातारा म्हणाला, "ते दुपारीच उठते."

या मैदानावर ग्रीन, म्हणजे होलाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, नाहीत. पाण्याअभावी गवत टिकत नाही अशा जागी जुन्या काळी वाळूत तेल घालून सपाट चौथरा करत, त्याला ब्राऊन म्हणतात. होलाची रुंदी १०८ मिलिमीटर, चेंडू जेमतेम ४३ चा. म्हणजे वाटीत पेढा टाकायचा. मी सात वेळा तो वाटीच्या कडेने फिरवून आणला. दर वेळी वाळूत माझ्या बुटांचे ठसे उमटायचे आणि म्हातारा दोरीला बांधलेलं बारदान ओढत मागून ते पुसत यायचा. माझं खेळणं इतक्या शांतपणे पुसून टाकताना मी आजवर कोणालाच पाहिलं नव्हतं. बायको पुसते, पण बोलून.

नवव्या होलपर्यंत सहाही चेंडू संपले होते. एक म्हशीखाली, एक नाल्यात, बाकीचे कुठं ते देव जाणे. साळा माझ्या फटक्यांचा हिशेब मांडत होता. पंचाहत्तरीनंतर त्याने पेन खिशात घातलं. घाम पुसायला मी खिशात हात घातला, तर हाताला गोल काही लागलं. सातवा चेंडू निघाला वाटून मी तो टी वर, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंटीवर, ठेवलासुद्धा. म्हाताऱ्याने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मारा साहेब," तो म्हणाला, "हा लांब नाही गेला तरी भाजीत कामी येईल."

मी मारला नाही. घरी आलो तेव्हा एक वाजला होता. बायकोने दार उघडलं, माझं टोमॅटोसारखं तोंड पाहिलं आणि हात पुढे केला.

"कांदा आहे ना? आण, कोशिंबिरीला एक कमीच पडत होता."