'सौम्य' छापायला काय जातं?

चेहरा धुतला, टिपला, दोन मिनिटं गेली आणि नाकाच्या कडेपासून गालापर्यंत कातडी ओढायला लागली. तोंड उघडलं की ओठांच्या कोपऱ्यांशी ताण जाणवतो. वर मॉइश्चरायझर लावावं तर तेही चुरचुरतं. आणि फेसवॉशच्या ज्या ट्यूबनं हे केलं तिच्यावर ठळक अक्षरांत काय छापलंय? 'सौम्य.' 'संवेदनशील त्वचेसाठी.' 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं.' संताप येतो तो याचा!

नाजूक त्वचा आणि वर पुरळ, असा दुहेरी त्रास असणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. तरी फेसवॉश बनवणाऱ्यांच्या लेखी ती अस्तित्वातच नाहीत. 'पुरळासाठी' म्हणून जे मिळतं ते तेल खरवडून काढतं, पुदिन्याचा अर्क नाहीतर मेन्थॉल घालून गार वाटायला लावतं आणि त्या गारव्यालाच स्वच्छता म्हणतं. 'नाजूक त्वचेसाठी' म्हणून जे मिळतं त्यातली निम्मी उत्पादनं इतकी जाड आणि तुपकट की साध्या पाण्यानं निघतच नाहीत. ती निघावीत म्हणून चेहरा चोळावा लागतो, आणि चोळल्यावर तो लाल होतो. ज्याला दोन्ही त्रास आहेत त्यानं कुठे जायचं?

आता त्या शब्दांकडे बघू. 'सौम्य' म्हणजे किती सौम्य? कशाच्या तुलनेत? कुठलंही मोजमाप नाही. 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेलं' यात तपासलं एवढंच म्हटलंय. किती जणांवर, किती दिवस आणि निकाल काय लागला, यावर चकार शब्द नाही. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' (म्हणजे अ‍ॅलर्जी कमी आणणारं) या शब्दाची गोष्ट तर चीड आणणारी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७५ मध्ये नियम केला होता की हा शब्द वापरायचा असेल तर इतर उत्पादनांपेक्षा तुमच्या उत्पादनाची रिअ‍ॅक्शन खरोखर कमी येते हे माणसांवर चाचणी घेऊन दाखवा. किती साधी अपेक्षा! कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये अपील कोर्टानं तो नियम रद्द केला. तेव्हापासून तिथे हा शब्द कंपनीला वाटेल त्या अर्थानं छापता येतो. आपण मात्र तो वाचून विश्वास ठेवतो.

'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे रंध्रं न बुजवणारं, याचंही तेच. कोणता घटक रंध्रं बुजवतो हे ठरवायच्या जुन्या चाचण्या सशाच्या कानावर झाल्या. सशाच्या कानाची कातडी माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बुजते. त्यातही घटक सुटा लावायचा आणि लावून ठेवायचा. फेसवॉशमधला तोच घटक थोडा असतो, पाण्यात मिसळतो आणि अर्ध्या मिनिटात वाहून जातो. त्यामुळे ट्यूबवरचा तो शिक्का फारसं काही सांगत नाही. घटकांना शून्य ते पाच गुण देणाऱ्या ज्या याद्या फिरतात, त्यांच्या आधारावर चांगला फेसवॉश टाकून देऊ नका. क्रीम निवडताना त्या थोड्या कामाच्या, धुऊन जाणाऱ्या गोष्टीसाठी नाहीत.

'सल्फेट-फ्री' ही तर उघड धूळफेक. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारं द्रव्य त्रासदायक आहे हे खरंच आहे. प्रयोगशाळेत त्वचा मुद्दाम चिडवायची असते तेव्हा हाच पदार्थ लावतात. पण तो काढून त्याजागी सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट घातलं तर काय साधलं? नावात सल्फेट नाही म्हणून शिक्का मारायला मोकळे, आणि तेल काढण्यात ते सल्फेटच्या तोडीस तोड.

सगळ्यात जास्त राग येतो तो पॅराबेनच्या प्रकरणाचा. पॅराबेन हे टिकवणारे घटक, अ‍ॅलर्जीच्या बाबतीत अतिशय निरुपद्रवी. पण त्यांच्याविषयी भीती पसरली, लगोलग 'पॅराबेन-फ्री'चे शिक्के झळकले, आणि जंतू वाढू नयेत म्हणून अनेक ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं. युरोपात ते २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांत एकट्यानं वापरायला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्ण इतके वाढले की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं २०१३ साठी त्यालाच 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' ठरवलं. २०१७ मध्ये युरोपनं त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांतून ते हद्दपार केलं आणि धुऊन काढायच्या उत्पादनांत ०.००१५ टक्क्याची मर्यादा घातली. त्याच सोसायटीनं २०१९ मध्ये पॅराबेनला काय म्हटलं? 'नॉन-अ‍ॅलर्जन'! म्हणजे निरुपद्रवी घटक काढून उपद्रवी घातला आणि त्याचीच जाहिरात केली. नाजूक त्वचेची माणसं आगीतून फुफाट्यात पडली, आणि कुणी साधी दिलगिरीसुद्धा व्यक्त केली नाही.

खरी माहिती असते ती ट्यूबच्या मागे. तीही कशी? ट्यूब जिथे चपटी होऊन चिकटवलेली असते त्या टोकाशी, फिकट रंगावर त्याहून जराशा गडद रंगात, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. पुष्कळदा तर यादी फक्त खोक्यावर असते आणि खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं. म्हणून आधी मोबाइलनं फोटो काढा आणि मोठा करून वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, पण एक टक्क्याखालचे कुठल्याही क्रमानं लिहायची मुभा असते. त्यामुळे पुढच्या बाजूला ज्या वनस्पतीच्या अर्काचं चित्र मिरवतात तो नुसता थेंबभर असू शकतो. खरं काम पहिल्या पाच-सहा नावांत चालतं.

तिथे सोडियम कोकोइल आयसेथायोनेट, सोडियम कोकोइल ग्लायसिनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोको-ग्लुकोसाइड या सौम्यपणे धुणाऱ्या द्रव्यांपैकी काही दिसलं तर आशा धरा. सोबत ग्लिसरीन वरच्या भागात असेल तर उत्तम. कोकामिडोप्रोपिल बीटेन हे फेस आणणारं द्रव्य बहुतेकांना चालतं, पण त्याची अ‍ॅलर्जी असणारेही आहेत. चार वेगवेगळे 'सौम्य' फेसवॉश बदलूनही पापण्या आणि मान खाजत असेल तर चारही याद्या शेजारी ठेवून हे नाव शोधा. 'परफ्यूम', 'फ्रॅग्रन्स', 'अरोमा', लिमोनिन, लिनालूल आणि कुठलंही सुगंधी तेल दिसलं की ट्यूब परत ठेवा. टी ट्री तेलसुद्धा, कारण हवा लागून जुनं झालं की तेच अ‍ॅलर्जी आणतं. 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स-फ्री' यांत फरक आहे: अनसेंटेडमध्ये मूळ वास झाकायला वेगळा सुगंध घातलेला असू शकतो. वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

साबणाची वडी चेहऱ्याला नको म्हणजे नको. त्वचेचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल) साधारण ४.७ ते ५.५ आणि खऱ्या साबणाचा ९ ते १०. त्याला आम्ल करायला गेलं तर साबणाचं परत मेदाम्ल होतं, साबण उरतच नाही. त्यामुळे 'पीएच संतुलित साबण' असं कुठे दिसलं तर एकतर तो साबण नाही, नाहीतर दावा खोटा. शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा जो पांढरट साका होतो तो चेहऱ्यावरच बसतो. फेसवॉशवरही 'पीएच संतुलित' लिहितात आणि आकडा लिहीत नाहीत. का नाही लिहीत? पीएचच्या पट्ट्या मिळतात. थोड्या डिस्टिल्ड पाण्यात फेस करून पट्टी बुडवा. ४.५ ते ६ च्या आसपास आला तर ठीक, ८ च्या वर गेला तर तो चेहऱ्याला लावू नका, पुढच्या बाजूला काहीही छापलेलं असो.

आणि ते 'खोलवर स्वच्छता' प्रकरण बंद करा एकदाचं! पुरळ घाणीमुळे येत नाही. केसाच्या मुळाशी मृत पेशी आणि तेलाचा बूच तयार होतो, तो आत. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नाही, मेलॅनिनचा आणि हवेशी संपर्क आलेल्या तेलाचा. फेसवॉश तिथे पोहोचत नाही. त्याचं काम घाम, वरवरचं तेल आणि सनस्क्रीन उतरवणं, तेही कातडीची खपली न काढता. एवढंच करा ना! पण नाही, त्यात खरखरीत कण घालायचे, सॅलिसिलिक आम्ल घालायचं, वर ग्लायकोलिकही घालायचं, म्हणजे साल काढणारी दोन-दोन आम्लं. रात्री अ‍ॅडॅपलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड ही पुरळावरची औषधं लावणाऱ्याची त्वचा आधीच सोलवटलेली असते, त्यावर हे म्हणजे जखमेवर मीठ. उपचाराचं औषध एकच ठेवा आणि ते लावून ठेवायचं असू द्या. धुण्याची वस्तू निव्वळ धुण्याची हवी. बेंझॉइल पेरॉक्साइड लागलंच तर २.५ टक्के पुरतं. १० टक्क्यानं आग जास्त होते, फायदा तेवढ्या पटीत वाढत नाही.

आग झाली, साल निघाली, बारीक पुटकुळ्या उठल्या अशी तक्रार केली की उत्तर येतं, 'त्वचेतली घाण बाहेर पडतेय, वापरत राहा.' चोराच्या उलट्या बोंबा! रेटिनॉइडसारखं (अ‍ॅडॅपलीन याच गटातलं) औषध आत साचलेले बूच लवकर वर आणतं, हे खरं. धुऊन जाणारा साधा फेसवॉश तसं काही करत नाही. चुरचुर, लाली, चकाकणारी ताणलेली कातडी याचा अर्थ इजा झाली. लगेच थांबवा.

नवीन काही आणलं तर थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस, रोज वापराल तसं फेस करून धुऊन टाका. काही झालं नाही तर जबड्याखाली कानाजवळ आठवडाभर, मग चेहरा. त्या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करू नका. आग आणि खाज दिवसांत कळते, पण बूच वर यायला आठवडे लागतात. चौथ्या दिवशी आलेल्या फोडाचा दोष नव्या ट्यूबला देऊ नका आणि दहाव्या दिवशी कौतुकही करू नका.

धुतानाही हाल होतात. पाणी कोमट, गरम नव्हे. वाटाण्याएवढं पुरतं, ते ओल्या तळव्यावर आधी फेसवून घ्या. बोटांच्या पेरांनी अर्धं मिनिट, ब्रश नाही, जाळी नाही. कपाळावरची केसांची रेघ, नाकपुडीची खाच आणि जबड्याची कड नीट धुवा, साका तिथेच राहतो. टिपा, पुसू नका, आणि त्वचा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा. दिवसातून दोनदा पुष्कळ झालं. कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणी चालतं. मायसेलर वॉटर (कापसानं पुसून चेहरा साफ करायचं पाणी) वापरत असाल तर तेही धुवायचं असतं, बाटलीवर 'धुवायची गरज नाही' लिहिलं असलं तरी, कारण त्यातही फेस करणाऱ्यांचेच भाऊबंद असतात आणि ते रात्रभर चेहऱ्यावर बसतात.

कपाळावर एकसारखे, बारीक, खाजणारे पुरळ असतील तर ते बुरशीमुळे असू शकतात. तोंडाभोवतीच पुरळ असेल, किंवा गाल भगभगून लाल होत असतील, तर तेही वेगळं काहीतरी असू शकतं. तिथे फेसवॉश बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि इतकं सगळं करून, महिनोन्महिने घालवून, एखादी ट्यूब चेहऱ्याला मानवते. आग नाही, ओढ नाही, फोड कमी. मग एक दिवस त्याच नावाची, त्याच रंगाची नवी ट्यूब येते, कोपऱ्यात छोटंसं 'आता नव्या रूपात'. काय बदललं ते कुठेच लिहिलेलं नाही. जुन्या यादीचा फोटो जपून ठेवला असेल तर दोन्ही ओळीनं ताडून बघता येतं आणि सातव्या-आठव्या नावाशी बोट थांबतं: परफ्यूम.