निजेला धोंडा

मागच्या आठवड्यात आमच्या माहेरच्या ग्रुपवर भाच्याने विचारलं की पुण्यात झोपेसाठी कोणी चांगला डॉक्टर माहितीय का, तीन महिने झाले, अंथरुणावर पडलो की दीड दीड तास नुसता पंख्याकडे बघत राहतो. 26 वर्षांचा मुलगा, हिंजवडीत अमेरिकन शिफ्ट करतो, घरी येतो तेव्हा सकाळचे 6 वाजलेले असतात. तीस नातेवाइकांसमोर हे लिहायला त्याला किती धीर गोळा करावा लागला असेल ते मला माहितीय. त्याच्याखाली मोठ्या मामाने लिहिलं, "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. अंग मोडून काम करा, मग बघू झोप कशी येत नाही. आमच्या वेळी असले आजार नव्हते." त्याला पटापट अंगठे. एका मावसभावाने विदुरनीतीच टाकली, झोप कोणाला येत नाही, तर चोराला आणि कामातुराला, आणि पुढे हसणारे चेहरे.

दहा मिनिटांनी भाच्याने स्वतःचा मेसेज डिलीट केला. मी ते इथे जर्मनीत, श्टुटगार्टला एसबानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसून बघितलं आणि मला अक्षरशः रडायला आलं.

मी लांबलचक उत्तर लिहिलं. मामाने एका ओळीत निकाल लावला, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." ठीक आहे, ग्रुपवर नाही शिकवत. पण मला हे बोलायचंच आहे.

आधी विदुराचं बघू. धृतराष्ट्राला झोप लागत नाही म्हणून तो रात्री विदुराला बोलावून घेतो, उद्योगपर्वात तो सगळा भाग आहे आणि त्याचं नावच प्रजागर. तिथे विदुर यादी सांगतो ती अशी: बलवानाने घेरलेला दुर्बळ, ज्याच्याकडे साधनं नाहीत असा, ज्याचं सगळं हिरावून घेतलंय असा, आणि मग कामी माणूस आणि चोर. आपल्या माणसांनी पहिले तीन गाळून शेवटचे दोनच उचलले! मुळात पहिलं नाव दुर्बळाचं आहे. रात्रभर दुसऱ्या खंडातल्या लोकांची बोलणी खाऊन सकाळी घरी येणारा पोरगा त्या यादीत कुठे बसतो ते ज्याचं त्याने बघावं.

आणि ते अंग मोडून काम. मामा, थकवा वेगळा आणि झोप वेगळी, हे मी पुस्तकातून नाही स्वतःच्या अंगावरून सांगतेय. झोप यायला दोन गोष्टी जमून याव्या लागतात, एक म्हणजे दिवसभर जागं राहून साठलेली झोपेची ओढ, आणि दुसरं म्हणजे शरीराच्या आतलं घड्याळ, जे मेंदूत डोळ्यांच्या मागे बसलेलं असतं आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालतं. या घड्याळाच्या कामाला 2017 चं नोबेल मिळालंय. हा मुलगा हिंजवडीहून कोथरूडला कॅबने येतो तेव्हा उजाडलेलं असतं, म्हणजे त्याचं शरीर थकून निजायला टेकलेलं आणि घड्याळ मात्र सांगतंय की ऊठ, दिवस सुरू झाला. त्यात शिफ्टमध्ये रात्री 3 वाजता चहा, चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण 5 तास लागतात. कसाबसा 7 ला आडवा होतो, डोळा लागता लागता 9 वाजतात आणि शेजारच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा ब्रेकर सुरू होतो. कोथरूडमध्ये आता कुठली गल्ली शिल्लक राहिलीय जिथे एक तरी बिल्डिंग पाडत नाहीयेत? अशा वेळी उशाला धोंडा काय आणि परांची गादी काय.

मामा स्वतः जेवून दीड ते चार वामकुक्षी घेतो, पडदे ओढून, त्या वेळात बेल वाजवायची नाही असा घरात नियम आहे. त्या झोपेला सगळं घर मान देतं. भाच्याच्या झोपेला का नाही?

इथे रात्री 10 ते सकाळी 6 शांतता म्हणजे शांतता. मी नवीन असताना रात्री सव्वादहाला मिक्सर लावला, डोशाचं पीठ होतं, तर सकाळी दाराला चिठ्ठी. तेव्हा मला फार अपमान वाटला होता, आता मीच जिन्यात कोणी रात्री मोठ्याने बोललं तर दार उघडते. आणि लोकांना वाटतं तिकडचे कायदे वेगळे, आपल्याकडे कसं जमणार. अहो कायदा आपल्याकडेही आहे, 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम, रात्री 10 ते 6 तेच तास, राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. इकडे राहत्या वस्तीला 40 धरतात. पाच डेसिबलचा फरक आहे फक्त, बाकी सगळा फरक दुसऱ्याच्या झोपेला आपण किंमत देतो की नाही यात आहे.

मला कल्पना आहे की हे वाचून कोणीतरी म्हणणार, आली मोठी जर्मनीवाली. म्हणा.

माझीही झोप उडाली होती म्हणून मी इथल्या हाउसआर्ट्झकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेले तेव्हा तिने विचारलं, आठवड्यातून किती रात्री आणि किती महिने. तीन रात्री आणि तीन महिने, एवढं झालं की तो आजार धरतात. भाच्याचं नेमकं तेवढंच झालंय. तिने कपाळाला आठी घातली नाही, काम कमी पडतं का तुला असं विचारलं नाही, गोळ्याही दिल्या नाहीत. झोपेची डायरी लिहायला सांगितली आणि थेरपिस्टकडे नाव घातलं. तिथे नंबर लागायला 5 महिने गेले हेही खरं, तोवर झोपेसाठीचं ॲप प्रिस्क्रिप्शनवर मिळालं, 2020 पासून इथे ॲपसुद्धा लिहून देतात आणि पैसे क्रांकनकासं, म्हणजे आरोग्य विमा, भरते.

या उपचाराचं, म्हणजे गोळ्यांशिवाय झोपेच्या सवयी बदलायच्या थेरपीचं, तत्त्व मला फार पटलं. आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 च्या सुमारास मांडलंय की निद्रानाशाला तीन गोष्टी लागतात, माणसाचा मूळचा पिंड, एखादं निमित्त, आणि निमित्त संपल्यावरही आजार चालू ठेवणाऱ्या आपल्या सवयी. झोप झाली नाही म्हणून लवकर आडवं व्हायचं, सकाळी लोळत राहायचं, दुपारी भरपाई करायची, घड्याळ बघत हिशोब करायचा की आता लागली तर 4 तास मिळतील. या सगळ्यात अंथरूण ही झोपायची जागा न राहता काळजी करायची जागा होऊन बसते. म्हणून रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्येच सांगितलेला नियम असा की अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच.

आणि सगळ्यात अवघड भाग, अंथरुणातला वेळच कापायचा. डायरीवरून माझी खरी झोप निघाली साडेपाच तास, तर मला रात्री 12.30 ते सकाळी 6 एवढंच आडवं व्हायची परवानगी. झोप नीट सलग व्हायला लागली की पंधरा पंधरा मिनिटं वाढवायची. (हे आपल्या मनाने करू नका, फिट्स असतील, लांब गाडी चालवत असाल तर मुळीच नको.) पहिला आठवडा मी 10 वाजल्यापासून पेंगत होते. टीव्ही नको, फोन नको, मग करायचं काय? मी वाल भिजवायला लागले. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून स्वयंपाकघरात बारीक दिवा लावून सोलत बसायचे, दोन बोटांत धरून दाबलं की डाळिंबी टुपकन वाटीत आणि साल बोटाला चिकटलेली, नखांच्या कडांना तो थोडा कडवट हिरवा वास. आई अशी दुपारी ओट्याशी बसून सोलायची आणि मी शेजारी. 12.30 झाले की हात धुवून झोपायला. फ्रीजरमध्ये तेव्हा तीन डबे डाळिंब्या साठल्या होत्या. सहाव्या आठवड्यात मी पडल्या पडल्या झोपले.

2016 मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने आणि 2017 मध्ये युरोपातल्या झोपेच्या डॉक्टरांनी हेच सांगितलंय की जुन्या निद्रानाशाला आधी हा उपचार, गोळ्या नंतर. आणि आपल्याकडे? आपल्याकडे एकतर निजेला धोंडा नाहीतर अल्प्राझोलाम, मधलं काही नाही. आमच्या आजीची ती अर्धी गोळी अनेक वर्षं चालू होती. नियमाप्रमाणे दुकानदाराने चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद करायची असते, 2014 पासून हे औषध एच-वन यादीत आहे, पण आजीची ओळखीच्या दुकानातून घरपोच यायची. एका रात्री बाथरूमला जाताना पडली आणि खुबा गेला. म्हाताऱ्या माणसांचा या गोळ्यांनी तोल जातो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, डॉक्टरला विचारूनच हळूहळू कमी करायची, तेही कोणी सांगितलं नाही. जायफळ घातलेलं दूध, तळपायाला काशाच्या वाटीने तूप, याला मी नावं ठेवत नाही, मी अजून करते, त्याने बरं वाटतं. पण तीन महिने जागणाऱ्या माणसाला तेवढ्यावर सोडून देऊ नका.

आता जे मी ग्रुपवर लिहिलं नाही ते.

माझं निमित्त काय होतं, तर एक फोन. चार वर्षांपूर्वी जानेवारीत, इथे रात्रीचे 1 वाजून 40 मिनिटं, पुण्यात सकाळचे 6 वाजून 10. फोन सायलेंटवर होता. मी पावणेसातला उठून बघितलं तेव्हा नऊ मिस्ड कॉल होते, सगळे मामाचे. बाबा गेले होते. मी मिळेल ते विमान धरून पोचेपर्यंत सगळे वैकुंठ स्मशानभूमीतून परत आले होते. मामा पार्किंगमध्ये एकटा खुर्ची टाकून बसला होता माझी वाट बघत, रात्रीचे अडीच वाजले होते, आणि मला बघून तो एवढंच म्हणाला, थांबता आलं नाही गं.

तेव्हापासून फोन उशाशी, आवाज फुल. थेरपिस्टने पहिल्या दिवशी सांगितलं, फोन बेडरूमच्या बाहेर. बाकी सगळं मी केलं, हे एक नाही केलं. तिला मी समजावू शकले नाही की माझी आई 71 वर्षांची आहे, एकटी राहते, आणि तिचा दिवस माझ्या मध्यरात्री सुरू होतो. थेरपिस्टचे स्वतःचे आईवडील चाळीस मिनिटांवर राहतात. माझी इथली खिडकी रोलाडेन, म्हणजे बाहेरचं शटर, खाली ओढलं की इतकी काळी आणि शांत होते की त्या शांततेत माझे कान आणखीच टवकारतात. आणि कोथरूडच्या घरी जाते तेव्हा आईच्या शेजारी सतरंजीवर, खाली रिक्षा, वर पंख्याची खटखट, पहाटे दूधवाला, आणि मी नऊ नऊ तास झोपते. बाबा गेले तेव्हाही तिथे झोपले, त्याची लाज वाटते अजून. तिथे कुठून फोन येणार नसतो, जे व्हायचं ते त्याच घरात माझ्यासमोर होणार असतं. 45 डेसिबल की 40, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हे मला मामाला सांगायचं होतं आणि मी त्याला कायदे सांगत बसले.

भाच्याला मी वेगळा मेसेज केला. त्याने आता घरी येताना काळा गॉगल घालायला सुरुवात केलीय, खिडकीला जाड पडदे लावलेत, शिफ्टमधला चहा 1 नंतर बंद, आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट पुढच्या बुधवारी आहे. डायरीचा फोटो पाठवला, "7.10 पडलो, 8.20 ला लागली बहुतेक, 9.05 ब्रेकर." मग त्याने विचारलं, मावशी, तुझ्याकडे पावणेदोन वाजलेत ना, तू का जागी? मी त्याला फोनचं सगळं सांगितलं. म्हणाला, बाहेर पॅसेजमध्ये ठेव, मी निघताना फोन करून बघतो.

काल रात्री फोन चपलांच्या रॅकवर ठेवला, बेडरूमचं दार लावून घेतलं. दीड वाजता, तो हिंजवडीत कॅबमध्ये बसला तेव्हा, त्याने रिंग दिली. तिसऱ्या रिंगला ऐकू आला.