सॅमन हॅचरीचा तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी एवढं वाचा

ऑक्टोबर आला की सिएटलकडच्या मराठी ग्रुप्सवर हा व्हिडिओ फिरायला लागतो. हॅचरीतला, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं सोडणाऱ्या केंद्रातला, माणूस भल्यामोठ्या सॅमनच्या डोक्यात दांडका घालतो, पोट चिरतो, नारिंगी गाबोळी भसाभस बादलीत. खाली मजकूर असा की अंडी घालायला माहेरी आलेल्या आईला मारतात, सोडलं असतं तर परत समुद्रात गेली असती, ही फार्मची मासळी आहे, जेनेटिकली मॉडिफाइड आहे, रंगाचं इंजेक्शन देतात, पिल्लांचे पर कापतात, म्हणून फक्त वाइल्ड सॅमन खा आणि दहा जणांना पाठवा. मी हॅचरीत व्हॉलंटियर म्हणून लोकांना टाक्या दाखवते, त्यामुळे दरवर्षी हाच फॉरवर्ड मला चारचार जण पाठवतात, "हे खरं का गं?" विचारत. तर एकदाच लिहून टाकते.

"सोडलं असतं तर परत समुद्रात गेली असती." नसती गेली. चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम, इथले पॅसिफिकचे हे पाचही सॅमन आयुष्यात एकदाच अंडी घालतात आणि मरतात. गोड्या पाण्यात शिरले की त्यांचं खाणं बंद होतं, मग अंगातली चरबी जाळत, शेवटी स्नायूसुद्धा जाळत वर चढतात, कातडी सोलवटते, शेपटीवर पांढरी बुरशी येते, आणि अंडी घालून झाली की काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत संपतात, मग हॅचरी असो नाहीतर रान. (स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाणारा ट्राउट मासा, आणि अटलांटिक सॅमन यांच्यातले काही जगून परत जातात, पण व्हिडिओतला तो नव्हे.) खात्री करायची असेल तर सिएटलजवळच्या इसाक्वाला या, तिथली हॅचरी 1936 सालची आहे, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेत बांधलेली, अगदी गावाच्या मध्यात. शरद ऋतूत ओढ्याच्या काठाला उभं राहिलं की दांडका न लागता मेलेले मासे दिसतात, दिसायच्या आधी वास येतो. तो दांडका बघायला बरं वाटत नाही हे मान्य, पण त्याने समुद्रातलं आयुष्य हिरावलं जात नाही. आणि मेलेले मासे वायासुद्धा जात नाहीत, बऱ्याच हॅचऱ्या ते परत ओढ्यांत नेऊन टाकतात, कारण त्यांच्यावर किडे वाढतात, किड्यांवर पुढची पिल्लं.

"ही फार्मची मासळी." इथे सगळी गल्लत आहे. फार्मवर मासा विकायच्या वजनाचा होईपर्यंत जाळ्यातच असतो. हॅचरीत अंडी आणि नराचं वीर्य बादलीत एकत्र करतात, पाणी घालतात, अंडी ट्रेमध्ये वाहत्या पाण्याखाली ठेवतात, पिल्लं वाढवतात आणि सोडून देतात. पुढचं आयुष्य पॅसिफिकमध्ये, आपल्या हिमतीवर. आता खरी गंमत बघा. अलास्कात मासळीचे फार्म 1990 पासून कायद्याने बंद आहेत, पण हॅचऱ्या जोरात चालतात आणि तिथल्या सॅमनचा मोठा हिस्सा त्यांच्यातूनच येतो. म्हणजे दुकानात "वाइल्ड अलास्का" वाचून जो तुकडा तुम्ही हौसेने घेता, तो हॅचरीत जन्मलेला असू शकतो. फॉरवर्डवाले ज्याची भीती घालतायत तेच खायला सांगतायत!

"रंगाचं इंजेक्शन." कुणी टोचत नाही. सॅमनचा रंग अस्टाझँथिन नावाच्या द्रव्याचा, रानातल्या माशाला तो क्रिल आणि कोळंबीसारख्या खाण्यातून मिळतो, फार्मवर खाद्यात मिसळतात. हॅचरीचा मासा समुद्रात जेवतो, त्याला कोण रंगवायला जाणार? उलट काही चिनूक जनुकांमुळे हा रंग मांसात साठवूच शकत नाहीत, रानातलेच असून आतून पांढरे निघतात.

"जेनेटिकली मॉडिफाइड." असा एक सॅमन होता, अमेरिकेत 2015 ला मंजूर झाला, अटलांटिक जातीचा, चिनूकचं वाढीचं जनुक घातलेला, आणि तो जमिनीवरच्या बंद टाक्यांत वाढवायचे. 2024 च्या शेवटी त्या कंपनीने मासे वाढवणंच थांबवलं. इथल्या नद्यांशी त्याचा संबंध नाही.

"पर कापतात." हो, कापतात. पाठीवर शेपटीजवळ चरबीचा छोटासा पर असतो तो. पुढे गळाला मासा लागला की पर नसेल तर हॅचरीचा, नियमात बसत असेल तर घरी न्या, पर असेल तर बहुतेक ठिकाणी परत सोडा. प्युजेट साउंडचे, म्हणजे सिएटलच्या खाडीतले, चिनूक 1999 पासून धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहेत, ही खूण नसती तर रानातले कुठले हे कळणार कसं.

म्हणजे हॅचरी धुतल्या तांदळासारखी का? अजिबात नाही, आणि मला राग याचाच येतो की खरा आक्षेप फॉरवर्डमध्ये नाहीच. टाकीत आयतं खाऊन वाढलेल्या माशांत टाकीत टिकणारे गुण निवडले जातात, नदीत टिकणारे नव्हे. ओरेगनच्या हुड नदीतल्या स्टीलहेडवर 2007 मध्ये अभ्यास आला होता, त्यात बंदिस्त वाढवलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत वंश वाढवण्याची क्षमता साधारण 40 टक्क्यांनी घसरलेली दिसली. असे मासे रानातल्यांत मिसळले की त्यांचंही नुकसान. तरी हॅचऱ्या आहेत, कारण धरणांनी वाटा अडवल्या, आणि 1974 च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने इथल्या मूळ जमातींना मासळीचा जो अर्धा वाटा मान्य झाला तो नदीत मासेच नसतील तर कागदावर राहतो.

आणि गाबोळी पोटात असतानाच मरणारे सॅमन बघायचे असतील तर दांडका शोधू नका, पहिल्या मोठ्या पावसानंतर शहरातल्या ओढ्यावर जा. कोहो पाण्याच्या वर तोंड काढून गरगरतात आणि काही तासांत मरतात, अंडी तशीच आत. कारण 2020 ला सापडलं: टायर तडकू नये म्हणून त्यात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात, हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन जे विष तयार होतं ते पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. त्यात माझ्या गाडीचेही टायर आले, तुमचेही. हेच रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून कोहोंना दिलं तेव्हा ते जगले, म्हणून आता रस्त्याकडेला तसे खड्डे भरून झाडं लावतायत.