आलेपाक आणि द्वोर्झाक

चेक देशातल्या प्लझेनला येऊन दोन वर्षं झाली, नवऱ्याची नोकरी आणि माझा कंटाळा एकदमच पर्मनंट झाले, म्हणून शेजारच्या काकूंच्या नादाने एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगान मंडळात घुसले. आवाज ऐकून त्यांनी मला आल्टोत उभं केलं. आल्टो म्हणजे बायकांतला खालचा आवाज, भजनी मंडळातल्या मागच्या रांगेतल्या बायकाच म्हणा ना, पुढच्यांच्या आवाजात आपला खपून जातो. मला तेच हवं होतं.

यंदा बसवलं द्वोर्झाक या चेक संगीतकाराचं डी मेजर मास, म्हणजे गोव्यात ज्याला मीस म्हणतात ती चर्चमधली प्रार्थना, गाण्यात बांधलेली. इथून जवळच लुझानीला ह्लाव्का नावाच्या बड्या आर्किटेक्टचा वाडा होता, त्यात त्यांनी छोटं चॅपल बांधलं आणि द्वोर्झाकला म्हणाले याच्यासाठी काहीतरी लिही. म्हणजे चक्क वास्तुशांतच की हो! 11 सप्टेंबर 1887 ला झाली. जागा एवढीशी, ऑर्केस्ट्रा मावणार कुठे, म्हणून साथीला नुसता ऑर्गन. सोलो गायला यजमानीणबाई आणि द्वोर्झाकची बायको, अगदी घरचं कार्य. पुढे 1892 मध्ये त्याने ऑर्केस्ट्राही घातला पण आम्ही ऑर्गनवालंच गातो, कारण बजेट.

सगळं ठीक चाललं होतं, मासमधला क्रेदो नावाचा भाग येईपर्यंत. तिथे 'क्रेदो इन उनुम देउम' (एका देवावर माझी श्रद्धा आहे) हे आधी फक्त आल्टोंनी म्हणायचं, हळू आवाजात, मग अख्खा कॉयर तेच दणक्यात उचलणार. अरे हे तर भजन! बुवा सांगतो, मंडळी झेलतात. फक्त इथे बुवा आम्ही, आणि मी आयुष्यभर टाळ वाजवलेली बाई. पहिल्या प्रॅक्टिसला मी एक मात्रा आधीच घुसले, एकटी, त्या उंच चर्चमध्ये माझा 'क्रे' वर जाऊन सावकाश खाली आला आणि कंडक्टर चष्म्यावरून बघत बसले.

त्यात चर्च गारठलेलं. थंडीत ऑर्गनच्या पाइपांचा सूरसुद्धा उतरतो, तो उतरला की आपणही गुपचूप उतरायचं, 'पट्टी बदला हो' म्हणायची सोय नाही. माझा तर घसाच बसला. मग आईने कुरियरने पाठवलेला आलेपाक पर्समध्ये ठेवायला लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी क्रेदोच्या आधीचा भाग, ग्लोरिया, संपला, सगळे पानं उलटत होते, खोकून घेत होते, म्हटलं एवढ्यात एक वडी चघळून होईल. आईची वडी ती, कसली विरघळतेय! दाढेला चिकटली आणि कंडक्टरचा हात वर. ऑर्गन, आल्टो, क्रेदो. मी नुसते ओठ हलवले, डोळ्यांत पाणी (आल्याचं), शेजारच्या काकूंना वाटलं मी भक्तीत बुडालेय, त्यांनी गाता गाता माझा हात दाबला.

रात्री नवऱ्याने आईला व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांत फोन.

"अगं ती सुरुवात तूच केलीस ना? मी यांना म्हटलं, हा आवाज आपलाच. किती मोकळा लागलाय! आलेपाक खाल्लास वाटतं?"

"हो," म्हटलं, "अगदी वेळेवर."

अजून एक किलो पाठवतेय म्हणाली.