पोटच्या पोरांसारख्या कविता

महिनाभर जुनी पुस्तकं पुन्हा काढून बसलेय. सुरुवात अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रापासून केली आणि नवव्या भागातल्या एका उताऱ्यावर चार दिवस अडकले. प्रश्न साधा आहे. उपकार घेणाऱ्यापेक्षा उपकार करणाऱ्याचाच जीव समोरच्यावर जास्त का जडतो? उत्तरासाठी तो कारागिरांकडे वळतो. कारागिराचं आपल्या वस्तूवर इतकं प्रेम असतं, की उद्या ती वस्तू जिवंत झाली तरी तिला त्याच्यावर तेवढं करता येणार नाही. कवी तर कवितांना पोटच्या पोरांसारखं जपतात. का? कारण माणूस ‘असतो’ तो काहीतरी करण्यात, आणि घडवलेल्या वस्तूत त्याचं ते असणंच उतरलेलं असतं.

या सगळ्यात दाद देणारा कुठेच नाही! तेवीसशे वर्षांपूर्वीचा हा विचार वाचून मला रडू आलं.

कारण मी कविता लिहिणं सोडलं होतं. ज्यांचं मत मोलाचं वाटायचं, त्यांनी ‘यात दम नाही’ म्हटलं आणि मी वही मिटली. सहा वर्षं. १९०२ च्या अखेरीस काप्पुस या तरुणाने कविता पाठवून मत विचारलं, तेव्हा कवी रिल्केनेही त्या कवितांना स्वतःची शैली नाही असंच कळवलं होतं. पण तो तिथे थांबला नाही. तुम्ही बाहेर बघताय, तेच करू नका, असं त्याने लिहिलं. रात्रीच्या सगळ्यात शांत प्रहरी स्वतःला विचारा, मला लिहिलंच पाहिजे का?

मला हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही स्वतःला विचारला नाही.

‘आधी पोट, मग कला’ म्हणणारे मानसशास्त्रज्ञ मास्लोचा गरजांचा पिरॅमिड दाखवतात, ज्यात भूक तळाशी असते. त्याच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच. उलट गरजांचा क्रम पक्का नसतो, काही माणसांत सर्जनाची ओढ इतर गरजा अपुऱ्या असतानाही जोर धरते, असं त्यात स्पष्ट आहे. पुढे तर त्याने लिहिलं, की अव्वल सूप हे दुय्यम चित्रापेक्षा जास्त सर्जनशील असतं. म्हणजे ‘कलाकार’ हा शिक्का नसलेल्या लाखो माणसांनाही हे समाधान खुलं आहे, आणि आपण त्यांना ते कधी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काल रात्री वही उघडली. अकरा ओळी झाल्या. सातवी अजून अडखळते, तिच्यापाशीच दीड वाजला.