‘किमान रक्कम भरा, सिबिल वाढवा’ हा मेसेज पुढं पाठवू नका

गेल्या आठवड्यात ताईनं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: ‘तीन महिन्यांत सिबिल ८००!’ सिबिल म्हणजे आपण उधारी कशी फेडतो यावरून मिळणारा स्कोअर, कर्ज देताना बँका तो बघतात. मेसेजमध्ये पाच युक्त्या. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरा, व्याज मिळालं की बँक खूश होऊन स्कोअर वाढवते. मिळतील तेवढी कार्डं घ्या. कार्डानं एटीएममधून रोख काढा. जुनं कार्ड बंद करा. आणि स्वतःचा स्कोअर तपासू नका, तपासला की घसरतो.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण कुपवाड एमआयडीसीत नुकताच कामाला लागलेला माझा भाचा पहिली युक्ती चार महिने इमानेइतबारे पाळत होता.

त्याचं स्टेटमेंट घेऊन बसलो. लिमिट ३०,०००, बाकी २४,०००, किमान रक्कम १,२००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ८४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १५१ रुपये. पोरगं १,२०० भरतंय आणि मुद्दल फिटतंय २०९! शिवाय बाकी ठेवली की बिनव्याजी मुदत संपते. मग गाडीत टाकलेल्या पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

बँक खूश होऊन स्कोअर वाढवते हे तर धादांत खोटं. स्कोअर बँक देतच नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कंपन्या तो ३०० ते ९०० मध्ये काढतात. तुम्ही व्याज किती भरलं याचे गुण त्यात नाहीत. वेळेवर भरलं का आणि लिमिटमधलं किती वापरलं, हे बघतात. भाच्यानं ८० टक्के वापरून ठेवलंय. तीसच्या आत ठेवा असं जाणकार सांगतात.

माझ्यावर विश्वास नसेल तर रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबाबतचे निर्देश बघा. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, हा इशारा बिलावर छापणं बँकांना बंधनकारक आहे. भाच्याच्या स्टेटमेंटवरही तो होता, खाली बारीक अक्षरात. त्यानं वाचलाच नव्हता.

एक कबूल करतो. किमान रक्कम वेळेत भरली तर थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही. अगदीच अडलेल्या महिन्यात तेवढी तरी भरावीच. आणि कधीच कर्ज न घेतलेल्याला कार्डामुळं इतिहास तयार होतो, हेही खरं.

बाकीच्या युक्त्या दोन ओळींच्या लायकीच्या. एकामागून एक कार्डांचे अर्ज केले की बँकेनं केलेल्या प्रत्येक चौकशीची तुमच्या अहवालात नोंद होते, आणि त्यानं स्कोअर घसरू शकतो. रोख काढली की शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून. जुनं कार्ड बंद केलं की एकूण लिमिट घटतं, म्हणजे तेवढ्याच खर्चात वापराचा टक्का वाढतो. स्वतःचा अहवाल बघितल्यानं स्कोअर घटत नाही. उलट वर्षातून एकदा तो प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो, २०१७ पासून.

ताईनं या महिन्याची भिशी उचलून भाच्याचे २४,००० आणि वरचं व्याज भरून टाकलंय. ऑटो-डेबिटला, म्हणजे खात्यातून आपोआप बिल भरण्याच्या सोयीत, ‘किमान’ होतं, तिथं आम्ही ‘पूर्ण रक्कम’ करून घेतलं. आता तो दर महिन्याला आईची भिशी फेडतोय, बिनव्याजी.