आधी फासून गेलेल्यांनो, एकदा वर या!

डोकं सटकलंय. आमच्या छपरावर आधी ज्या कुणी ‘दुरुस्ती’ केली आहे ना, त्याला एकदा शिडी लावून वर बोलवायचंय आणि त्याच्याच हातात पटाशी द्यायचीय. खरवड म्हणावं! कारण मी आणि नवरा दुरुस्ती करतच नाही आहोत. आम्ही नुसती आधीची दुरुस्ती खरवडतोय.

पत्र्याच्या एका जोडावर काय काय निघावं? सगळ्यात वर सिलिकॉन, त्याखाली डांबर, डांबराखाली सिमेंटचा लगदा आणि त्याच्याही खाली मूळचा स्क्रू, ज्याचा रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन तडकलाय. म्हणजे रोग एवढाच होता. स्क्रू काढायचा, नवा वॉशर घालून पुन्हा बसवायचा, दहा मिनिटांचं काम. ते सोडून दर वेळी कुणीतरी वर चढलं आणि फासून खाली उतरलं. पत्रा उन्हात प्रसरण पावतो, रात्री आक्रसतो. त्यावर सिमेंट टिकेल कसं? एवढं तरी डोकं चालवा रे!

आणि ते सिलिकॉन! उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास मारतं ते साधं सिलिकॉन पत्र्यावर मारायचंच नसतं. सुकताना त्यातून ॲसिड सुटतं आणि पत्र्याचा जस्ताचा थर खातं. आमच्याकडे नेमकं तेच मारलेलं, त्यामुळे खाली गंजाची पट्टी. वर गंमत म्हणजे जुन्या सिलिकॉनवर काहीच धड चिकटत नाही. रंग नाही, नवं सिलिकॉनही नाही. म्हणजे कण न् कण काढा. नखं गेली माझी.

गळती शोधणं हा तर वेगळाच छळ. थेंब पडतो खोलीच्या मधोमध, भोक असतं पार वर कोपऱ्यात. पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि वाटेल तिथे टपकतं. मग एकानं वर पाइप धरायचा, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर सरकायचं, दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मी वरून ओरडतेय, ‘‘अरे, आलं का?’’ आणि आतून आवाज, ‘‘काय?’’ ‘‘पाणी आलं का?’’ ‘‘कुठे?’’ अहो, कुठे ते तूच सांगायचंय ना! वीस वर्षांच्या संसारात जेवढं भांडलो नाही तेवढं त्या पाइपावरून भांडलो.

त्यात ते व्हिडिओ बघून आणखी तिडीक जाते. छप्पर कसं, तर चकचकीत. शेवाळ नाही, पक्ष्यांची घाण नाही, एकही स्क्रू अडकत नाही. माणूस हसत हसत ब्रश फिरवतो आणि झालं म्हणे वॉटरप्रूफ. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा असावा’. त्या एका ओळीत आमचे सगळे सुटीचे दिवस गेलेत, ते कुणी दाखवत नाही.

बाहेरच्या भिंतीचीही तीच कथा. भेगेवर पुट्टी, पुट्टीवर रंग. ठोकून बघितलं तर अख्खा गिलावा पोकळ वाजतोय! भेग छिन्नीनं व्ही आकारात उघडून, धूळ काढून भरली असती तर ही वेळ आली नसती. आता तेवढा भाग पाडून नवा गिलावा केलाय. तो पिकायला साधारण 28 दिवस द्यायचे, मग रंग. तोवर येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘‘अजून रंग नाही लावला?’’ विचारणार. नाही लावला! नाही लावणार!

पन्हळीबद्दल तर बोलायलाच नको. उतार उलटा दिलाय, उलटा. पाणी खाली उतरायच्या नळीकडे जायचं सोडून दुसऱ्या टोकाला साचतं आणि काठावरून थेट त्याच भिंतीवर उतरतं. आणि मग म्हणे भिंतीला ओल का येते! उद्या तिचे सगळे क्लॅम्प उखडून नव्यानं दोरी धरून उतार घेणार आहोत. नवऱ्यानं आत्ताच विचारलं, ‘‘त्या क्लॅम्पखाली काय फासलं असेल गं?’’ मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.